यूपीव्हीसी खिडक्या: आत स्टील नाही, काचेला लेप नाही, बिलही नाही; गेले १,४६,५५६ रुपये

पुण्यात सिंहगड रोडच्या पट्ट्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या काढून ‘एनर्जी सेव्हिंग’ यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या खिडक्या) बसवून देतो म्हणणारी माणसं फिरत आहेत. आमच्याकडे चार खिडक्या आणि बाल्कनीचं एक दार, एवढ्या कामात त्यांनी १,४६,५५६ रुपये घेतले आणि जे लावून गेले त्यात कोटेशनमधली एकही मुख्य गोष्ट नाही. तक्रार ग्राहक आयोगात दाखल आहे, म्हणून फर्मचं नाव इथे देत नाही. पण माल कसा होता, चोरी कुठे पकडता आली असती आणि नंतर कोणी कोणी हात झटकले, ते सगळं लिहितो आहे. साइटवर कंत्राटदारांची बिलं तपासणं हाच माझा व्यवसाय. त्यामुळे लिहिताना लाज वाटते, आणि त्याहून जास्त संताप येतो.

विकण्याची पद्धत नेहमीचीच. रविवारी गेटजवळ टेबल, ‘आजच्या बुकिंगला’ वेगळा रेट, शेजारच्या विंगमधल्या दोघांनी ऑर्डर दिल्याची बतावणी. याला आपण सगळे सरावलो आहोत. खरं काम करतो तो दिव्याचा डबा. खोक्यात लाल दिवा, त्याच्यापुढे साधी काच. हात धरला की चटका बसतो. मग साधी काच काढून त्यांची डबल काच लावतात, आणि हाताला जवळजवळ काही जाणवत नाही. हा प्रयोग खोटा नसतो. डब्यातली काच खरोखरच लेपाची (उष्णता परत फिरवणारा पातळ थर असलेली) असते, फक्त ती तुमच्या घरी येत नाही. शिवाय त्या दिव्याची बहुतेक उष्णता इन्फ्रारेड असते, तर उन्हातला मोठा वाटा डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचा असतो. म्हणून अस्सल लेपाची काच लावली तरी डब्यात दिसतो तेवढा फरक खिडकीत पडत नाही.

‘एसीचं बिल ४० टक्के कमी’ या दाव्याचा हिशेब पाच मिनिटांत होतो. साध्या एकेरी काचेची यू-व्हॅल्यू (आत-बाहेर एक अंश फरक असताना चौरस मीटरमागे जितके वॅट उष्णता आरपार जाते तो आकडा) ५.८ च्या आसपास, बिनलेपाच्या डबल काचेची २.८ च्या आसपास. आमच्या सगळ्या उघड्या जागा मिळून १०.४ चौरस मीटर. बाहेर ४०, आत २५ अंश धरले तर एकेरी काचेतून साधारण ९०० वॅट उष्णता आत येते, डबल काचेतून ४४० वॅट. वाचले ४६० वॅट, तेही ऐन दुपारी. एसी एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे विजेची बचत उरली १३०-१५० वॅट. आठ तास एसी चालला तरी दिवसाला एक युनिटच्या थोडं पुढे. आपल्या हवेत उष्णता मुख्यतः थेट उन्हाने येते, आणि बिनलेपाची डबल काच ऊन फारसं अडवत नाही. पश्चिमेच्या खिडकीवर पडणाऱ्या उन्हातली सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता ती सरळ आत सोडते. ती अडवायची तर सोलर कंट्रोल लेपच लागतो. पुण्या-मुंबईत डबल काचेचे जादा पैसे मोजायचे ते लेपासाठी किंवा आवाजासाठी. लेप नसेल तर ऊर्जाबचतीच्या नावावर एक रुपयाही जादा देऊ नका.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं: मल्टिचेंबर प्रोफाइल (चौकटीची आतून कप्पे असलेली प्लास्टिकची पट्टी), आत दीड मिलिमीटर जाडीचं जीआय (जस्त चढवलेलं) स्टील, ५-१२-५ टफन डीजीयू (पाच मिलिमीटरच्या दोन कडक केलेल्या काचा, मध्ये बारा मिलिमीटर पोकळी), लो-ई म्हणजे उष्णता परत फिरवणारा लेप, ईपीडीएम रबर, स्टेनलेस ३०४ ची डासांची जाळी. रेट १,१५० रुपये चौरस फूट, अधिक १८ टक्के जीएसटी. ऑर्डर मार्च २०२५ ची.

मापात पहिली चोरी. हॉलची खिडकी ७० बाय ४६ इंच, दोन बेडरूमच्या ५८ बाय ४६, किचनची ४६ बाय ४०, बाल्कनीचं दार ७० बाय ८२. सगळं मिळून ११२.०६ चौरस फूट. कोटेशनमध्ये प्रत्येक माप पुढच्या सहा इंचांपर्यंत चढवून १२० चौरस फूट धरलं. काचेच्या दुकानात असं चढं माप लावतात, कारण काच मोठ्या शीटमधून कापली जाते आणि तुकडे वाया जातात. ती रीत ठाऊक असल्यामुळेच इथे कोणी हरकत घेत नाही. पण यूपीव्हीसीची चौकट कारखान्यात मिलिमीटरच्या मापावर कापून वेल्ड होते, अख्ख्या खिडकीचं माप चढवायला काहीच कारण नाही. त्या न दिलेल्या आठ चौरस फुटांचे ९,१३६ रुपये, जीएसटीसह १०,७८० रुपये. कोटेशनवर माप मिलिमीटरमध्ये मागा आणि ‘प्रत्यक्ष फ्रेम साइजवर बिल’ एवढे शब्द लिहून घ्या.

एकूण रक्कम १,३८,००० अधिक जीएसटी २४,८४०, म्हणजे १,६२,८४०. ऑर्डरच्या वेळी ६० टक्के, ९७,७०४. माल साइटवर उतरला की ३० टक्के, ४८,८५२. काम झाल्यावर १० टक्के, १६,२८४. पहिला हप्ता यूपीआयच्या एक लाखाच्या मर्यादेत बरोबर बसतो, आणि तो गेला एका व्यक्तीच्या खात्यात. ‘फर्मच्या खात्याचं केवायसी चालू आहे’ हे कारण. फर्मच्या नावाचं खातं नसेल तर तिथेच थांबा.

कोटेशनवर जीएसटी नंबरही होता, पंधरा अक्षर-अंकांचा, महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा, दिसायला अगदी व्यवस्थित. जीएसटीच्या सरकारी साइटवर ‘सर्च टॅक्सपेयर’ मध्ये तो टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, हे लॉगिनशिवाय दिसतं. हा नंबर कोटेशनच्या तारखेच्या कित्येक महिने आधीच रद्द झालेला होता. नोंदणी नसताना ग्राहकाकडून कर घेणं कायद्याला मंजूर नाही. त्यामुळे २४,८४० चा तो आकडा कर नव्हताच, कराच्या नावाने लावलेली वाढीव किंमत होती. नंबर खरा दिसतो म्हणून सोडू नका. तारखेसकट त्याची स्थिती बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

आता माल. एप्रिलच्या अखेरीस टेम्पो आला. चौकटींवर एका नामांकित प्रोफाइल कंपनीच्या नावाची फिल्म, सोबत त्याच कंपनीच्या टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स. ४८,८५२ रुपये जिन्याखालीच मागितले आणि दिले गेले, कारण ठरलंच तसं होतं. बाल्कनीच्या दाराची चौकट एका पोराने एकट्याने खांद्यावर टाकून वर नेली. त्या चौकटीचा घेर पावणेआठ मीटर. दीड मिलिमीटरचं स्टील आत असतं तर नुसत्या स्टीलचंच वजन सहा-सात किलो भरतं, पल्ल्यांतलं वेगळं. ती चौकट भिंतीला टेकवून मधोमध अंगठ्याने दाबली असती तर लगेच कळलं असतं.

त्याहूनही उघड क्षण पुढे आला, आणि तोच सगळ्यात जास्त जिव्हारी लागतो. भिंतीत अँकर फास्टनर ठोकण्यासाठी चौकटीतून ड्रिल घालतात. आत स्टील असेल तर बिट आधी प्लास्टिकमधून सर्रकन जातं, मग अडतं, आवाज किरकिरा होतो, आणि शेवटी चमकदार लोखंडी बुरादा बाहेर येतो. इथे बिट एका दमात आरपार गेलं. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पांढऱ्या प्लास्टिकच्या कुरळ्या पट्ट्या पडल्या, नुसत्या पांढऱ्या. एकामागून एक भोक, आणि प्रत्येक भोकाखाली तोच पांढरा ढीग. मी दोन हातांवर उभा होतो. पण जुनी चौकट फोडल्याची धूळ, छिन्नी-हातोड्याचा दणका, वर ओळखीच्या कंपनीची फिल्म आणि हातात सर्टिफिकेट. अशा वेळी कोणी बुरादा बघत बसत नाही. साइटवर आम्ही सर्टिफिकेट माल उतरतानाच जुळवून घेतो, कारण तिथे पुरवठादार उद्याही आपल्याच दारात उभा राहणार असतो. घरच्या कामात तसा धाक नसतो, आणि या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं.

फिल्म कुणालाही छापून मिळते. खऱ्या प्रोफाइलवर कंपनीचं नाव आणि बॅचचा कोड सेक्शनच्या आतल्या खाचेत, काच बसते त्या बाजूला, उमटवलेला असतो. आमच्या चौकटींत तो कुठेच नाही. चौकट लावण्याआधी हातभर अंतरावरून नको, खाचेत टॉर्च मारून बघा. प्रोफाइल कंपनीला फोन करून हा फॅब्रिकेटर (खिडक्या जोडून देणारा) तुमच्याकडे नोंदलेला आहे का, हेही विचारा. फ्रीजचं लोहचुंबक इथे निरुपयोगी आहे, प्लास्टिकच्या जाडीपलीकडे त्याची ओढ पोचत नाही. जुन्या स्पीकरचा किंवा निओडायमियमचा चुंबक घ्या आणि चौकटीवर, पल्ल्यावर, विशेषतः दोन पल्ले जिथे एकमेकांत अडकतात त्या इंटरलॉकच्या उभ्या पट्टीवर फिरवा. वाऱ्याचा जोर तिथेच येतो.

स्टील नसलं तर काय बिघडतं? यूपीव्हीसी उष्णतेने बरंच फुगतं. दोन मीटर लांबीला तीस अंशांच्या फरकात चार-पाच मिलिमीटर. स्टील त्या सेक्शनला सरळ धरून ठेवतं, आणि चौकटीभोवती पाच ते दहा मिलिमीटर जागा सोडून पीयू फोम (लवचिक फेसाचं भरण) भरला तर फुगायला वाव मिळतो. आमच्याकडे स्टील नाही, जागा नाही, फोम नाही. सिमेंट आणि व्हाइट सिमेंटने चौकट भिंतीत गच्च लिंपली. मे महिन्याच्या उन्हात खालचा ट्रॅक मधोमध उचलला गेला, दाराचा पल्ला रोलरवरून उतरायला लागला. काचेचं वजन चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो असतं. डबल काचेच्या दाराचा एक पल्ला सहज तीस-चाळीस किलोचा होतो. त्याला एकेरी प्लास्टिकचे रोलर लावले आहेत.

काच तर उघड उघड दुसरीच. ५-१२-५ ची एकूण जाडी २२ मिलिमीटर हवी. आमची १७ भरली, म्हणजे ४-९-४. टफन काचेच्या कोपऱ्यात कायमचा शिक्का असतो, पुसला तरी जात नाही. इथे एकाही तुकड्यावर नाही. लो-ई ओळखायला रात्री काचेसमोर लायटर पेटवा. डबल काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात आणि लेप असेल तर त्यातलं एक वेगळ्या रंगाचं दिसतं. आमची चारही सारखीच पिवळी. ही परीक्षा काच जमिनीवर असतानाच करा, भिंतीत गेल्यावर फक्त पुरावा गोळा होतो.

२०२५ मध्ये पाऊस पुण्यात मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला आणि उरलेलं सगळं उघडं पडलं. डीजीयूच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिच्यात ओलावा शोषणारे दाणे भरतात. पट्टीला दोन्ही बाजूंनी ब्युटिलचं (चिकट रबराचं) सील आणि बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा दुसरा थर. आमच्या पट्टीत दाणेच नाहीत आणि सीलही एकच. जूनमध्ये दोन काचांच्या मध्ये बाष्प धरलं. ते पुसता येत नाही, आतल्या बाजूला आहे. खालच्या ट्रॅकमधून पाणी बाहेर जायला बाहेरच्या भिंतीत आडव्या खाचा लागतात, साधारण पंचवीस-तीस मिलिमीटर लांब, दोन्ही कोपऱ्यांपासून वीतभर आत आणि मध्ये दर दोन फुटांना. आतल्या आणि बाहेरच्या खाचा समोरासमोर नसाव्यात, नाहीतर वारा पाणी उलटं आत ढकलतो. आमच्या चौकटींत बाहेरच्या खाचा पाडलेल्याच नाहीत. ट्रॅक भरला की पाणी सरळ हॉलमध्ये. बाहेरून लावलेलं सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास मारणारं, आंबट जातीचं. सिमेंटवर ते धरत नाही. प्लास्टर आणि यूपीव्हीसीमध्ये न्यूट्रल सिलिकॉनच लागतं, नळी घेताना तिच्यावर तसं लिहिलेलं असतं.

दुसऱ्या फॅब्रिकेटरला बोलावून पाहणी करून घेतली. त्याच्या लेखी अंदाजात या मालाची किंमत चौरस फुटाला ४८० रुपये, म्हणजे सगळ्याचे ५३,७६० च्या आसपास. दुरुस्ती होणार नाही हेही त्यानेच सांगितलं. स्टील कोपरे वेल्ड करण्याआधी आत सरकवायचं असतं. चौकट एकदा जुळली की ती कापल्याशिवाय आत काही घालता येत नाही. म्हणजे सगळं फेकायचं आणि नव्याने करायचं. जुनं अ‍ॅल्युमिनियम तर ‘फ्री रिमूव्हल’ म्हणून त्याच दिवशी टेम्पोत गेलं, वजनही न करता. भंगारात अ‍ॅल्युमिनियमला किलोमागे चांगले पैसे येतात. काढण्याची मजुरी वेगळी द्या, पण जुना माल आपल्याच पार्किंगमध्ये तोलून घ्या.

तक्रार केल्यावर फर्मचं उत्तर: आधी राहिलेले १६,२८४ द्या, मग माणूस पाठवतो. ते दिले नाहीत. मग फोन बंद.

आता यंत्रणा. पोलीस चौकीत ऐकायला मिळालं, ‘खिडक्या बसल्यात ना? मग फसवणूक कसली? दर्जाचा वाद आहे, दिवाणी बाब, ग्राहक मंचात जा.’ हे एक वाक्य तिथे प्रत्येकाला तयार मिळतं. कायद्यात फरक स्पष्ट आहे: करार नंतर मोडला तर दिवाणी, सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू असेल तर फौजदारी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. रद्द झालेला जीएसटी नंबर कोटेशनवर छापून कर मागणं, दुसऱ्याच कंपनीची फिल्म आणि सर्टिफिकेट लावणं, हा हेतू पहिल्या दिवसापासूनचा नाही तर कुठला? हे कागद टेबलावर ठेवले, ते उचलून बघितलेही नाहीत. अर्ज घेतला, पोचीचा शिक्का मारला, संपलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर ही ऑनलाइन फसवणूक नाही. बँकेत गेलो तर पैसे तुम्हीच पाठवलेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला, फर्मला ईमेल पाठवला, फर्मने उत्तर दिलं नाही, आणि म्हणून तक्रार बंद केली. ज्या माणसाने उत्तर दिलं नाही म्हणून आपण तक्रार करतो, त्याने उत्तर दिलं नाही या कारणाने तक्रार बंद! जीएसटी कार्यालयात टॅक्स इनव्हॉइस मागितलं. इनव्हॉइस दिलंच नाही हीच तर तक्रार आहे, हे सांगितल्यावर ‘मग आम्ही कशाच्या आधारे बघणार’ असा प्रश्न. रद्द नोंदणीवर कर वसूल होतोय, हे त्यांच्याच साइटवरून त्यांनाच दाखवावं लागतं आणि तरी कागद हलत नाही. प्रत्येक टेबलावर बसलेल्या माणसाला दुसरं टेबल दाखवता येतं. फसवणाऱ्याला मात्र हे सगळे रस्ते कुठे संपतात ते आधीपासून माहीत असतं, त्याचा धंदाच त्यावर उभा आहे. दीड लाखासाठी कोणी इतकं फिरणार नाही, हा त्याचा हिशेब आहे आणि ही कार्यालयं तो रोज बरोबर ठरवतात.

ग्राहक आयोगात तक्रार आता ऑनलाइन करता येते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. कायद्यात निकालाला तीन महिने, मालाची तपासणी लागली तर पाच, असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात पहिली नोटीसच ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून परत आली, आणि पुढची तारीख. ऑर्डर देण्याआधी वर्कशॉपला स्वतः जाऊन या, तिथे वेल्डिंग मशीन चालू दिसली पाहिजे. नुसत्या ऑफिसचा पत्ता नोटिशीला उपयोगी पडत नाही. तक्रारीला तज्ज्ञाचा अहवाल जोडा, केवळ फोटो पुरत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जोडायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत द्यावं लागतं. आणि खराब खिडक्या रागाने काढून टाकू नका. निदान एक, शक्यतो बाष्प धरलेली, जागेवर ठेवा. न्यायचीच असेल तर सीलबंद करून, साक्षीदारांच्या सह्यांसह.

हप्ते ठरवताना अ‍ॅडव्हान्स तीस टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. पुढचा मोठा हप्ता माल उतरल्यावर नाही, तर एका खिडकीच्या चौकटीला तुमच्यासमोर भोक पाडून बुरादा बघितल्यावर. वीस टक्के पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. प्रामाणिक फॅब्रिकेटर कुरकुर करतो, पण मान्य करतो.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, असा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. तो अर्ज दिला आहे. दिव्याचा डबा घेऊन आलेल्या कोणाकडून ज्यांनी खिडक्या करून घेतल्या असतील, त्यांनी आजच आपल्या कोटेशनवरचा जीएसटी नंबर तपासा. रद्द निघाला तर आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्या आणि पोच घ्या. एकाच रद्द नंबरावर चार घरांचे चार अर्ज समोर असले की ‘दर्जाचा वाद’ म्हणून कोणाला फाइल बंद करता येणार नाही.